पाच बरण्या आणि एक डबा

"आज पुन्हा चहात खडा लागला!" बायको कप आपटत म्हणाली.

"मोठा की बारीक?" नवऱ्याने उत्सुकतेने विचारलं.

विम्याच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांना सगळी इमारत 'स्टेशनमास्तर' म्हणायची, कारण त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलभर आगगाडी धावत असे. तिला कोणी खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. गेल्या वर्षी मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात मात्र त्यांची पार शोभा झाली होती. रुळांखाली त्यांनी मिळेल ती खडी अंथरली होती, आणि तीही निम्मी वाटेतल्या खड्ड्यांनी उखडली. दरवर्षी पहिलं बक्षीस नेणारे दातांचे डॉक्टर चारचौघांत म्हणाले, "स्टेशन सुरेख आहे हो. पण ही खडी आहे की दरड कोसळलीय?"

लोक हसले. स्टेशनमास्तरही हसले, पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. खड्ड्यांबद्दल तर त्यांनी नगरपालिकेकडे इतक्या तक्रारी केल्या की तिथला कारकून आता आपुलकीने त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

यंदा त्यांनी कंबर कसली. खडी आणि वाळू धुतली, वाळवली, आणि पिठाची चाळणी, चहाची गाळणी, जुना नायलॉनचा मोजा अशा मिळेल त्या वस्तूतून चाळून पाच बरण्या भरल्या. डोंगराला चण्याएवढे दगड, रुळांखाली मोहरीएवढी खडी, फलाटावर पिठासारखी वाळू. खडी यंदा प्रदर्शनाच्या जागी पोचल्यावरच अंथरायची, असंही ठरलं.

प्रदर्शनाच्या दिवशी टेंपो दारात येऊन हॉर्न वाजवू लागला, आणि स्टेशनमास्तर स्वयंपाकघरात शिरून जागच्या जागी थिजले.

"आई, इथल्या बरण्या?"

"घासून ठेवल्या," पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक बिचारी पुडीतून साखर घेत होती!"

"आणि त्यातली खडी?"

"टाकली नाही हो, जावईबापू! एवढी का मी अडाणी? सगळी एका डब्यात छान एकत्र करून ठेवलीय."

सासूबाईंवर ओरडता येत नव्हतं, म्हणून ते बायकोवर ओरडले. "चाळणी कुठाय?"

"फेकली. गाळणीसुद्धा. नव्या आणल्यात, आणि त्यांना हात लावलात तर मी माहेरी..." एवढं बोलून ती थांबली. माहेरच इथे आलं होतं.

अखेर आगगाडी टेंपोत मागे चढली, बायको तिला धरून बसली. पुढे टेंपोवाल्याशेजारी स्टेशनमास्तर, आणि कडेला सासूबाई, मांडीवर डबा घेऊन.

"मोठ्या रस्त्याने घ्या," स्टेशनमास्तर म्हणाले.

"तो खणलाय साहेब. खड्ड्यांतूनच जावं लागेल," टेंपोवाला म्हणाला.

पुढचा प्रवास कोणी बसून केला नाही. प्रत्येक खड्ड्याला पुढचे तिघेही सीटवरून उठत आणि परत येत.

"आई, डबा घट्ट धरा!"

"मी धरलाय हो! तोच उड्या मारतोय!"

सभागृहात पोचून स्टेशनमास्तरांनी झाकण उघडलं मात्र, त्यांचा चेहरा पडला. वर नुसते चण्याएवढे दगड. "गेली! बारीक सगळी झाकणाच्या फटीतून सांडली वाटेत!"

शेजारच्या टेबलावरून दातांचे डॉक्टर डोकावले. "काय, यंदाही दरड का?"

स्टेशनमास्तरांनी रागारागाने ओंजळभर दगड काढून बाजूला ठेवले. खाली जरा लहान खडे होते. तेही काढले. त्याखाली मोहरीएवढी खडी! त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि तळातून मूठ वर काढली, तर बोटांतून पिठासारखी वाळू भुरभुरली. खड्ड्यांनी आपटून आपटून बारीक माल तळाला आणि मोठा वर आणून ठेवला होता. बिस्किटांच्या डब्यात भुगा तळाशी जातो तसा.

"अगं, चमचा आण! कागदी कप आण!" ते आनंदाने ओरडले. मग तिघांनी मिळून थरावर थर उपसले. थरांच्या सीमेवर थोडी सरमिसळ होती, ती त्यांनी नदीकाठी टाकली आणि नदीकाठ इतका खरा दिसला की बायकोसुद्धा वाकून बघू लागली.

परीक्षक भिंग घेऊन रुळांवर ओणवे झाले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा स्टेशनमास्तरांना आपलं नाव दोनदा ऐकावं लागलं.

"कुठली चाळणी वापरता हो?" दातांच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"डबा माझा आहे," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं, एकत्र असलेलं बरं."

जावयाने सगळ्यांसमोर वाकून त्यांना नमस्कार केला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी रस्त्यावर धडधड ऐकू आली. स्टेशनमास्तर बनियनवरच खाली धावले आणि रोलरसमोर हात पसरून उभे राहिले.

"अहो, बाजूला व्हा!" मुकादम ओरडला. "खड्ड्यांची तक्रार तुमचीच ना?"

"होती. मागे घेतली."

"सगळे खड्डे ठेवू म्हणता?"

"सगळे नकोत. माणसांना त्रास होतो," स्टेशनमास्तर समजूतदारपणे म्हणाले. "तो औषधांच्या दुकानासमोरचा तेवढा राहू द्या. बारीक वाळू तोच वेगळी करतो."