भात निवतोय

कलसुमची हाक शेजारच्या सिनेमा स्टुडिओच्या पत्र्याच्या कुंपणावरून आत जाते, हे तिला तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिला ती पोचवायची असायची गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॉफीच्या दुकानात. तिचा नवरा मिस्नान पोस्टमन. सकाळचं टपाल वाटून झालं की तो तिथे सोंगट्यांचा डाव मांडून बसे. बारा वाजले की कलसुम स्वयंपाकघराच्या पायरीवर येई, कमरेला गुंडाळलेलं सारोंग सावरी आणि गळा मोकळा सोडी, “अहोऽऽऽ! भात निवतोय!”

मिस्नान तिथल्या तिथे उठे. डाव जिंकत आलेला असला तरी.

त्या मंगळवारी कुंपणापलीकडे सकाळी सातपासून एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. सिनेमा विनोदी, गाण्यांनी भरलेला. दिग्दर्शक बाहरूम स्वतःच चाली बांधायचा, आणि सिंगापुरातल्या हॉटेलांत वाजवणारे फिलिपिनो वादक त्याने दुपारी एकपर्यंत मागून आणले होते. गाणं तेरा वेळा बिघडलं. दोनदा विमान गेलं, एकदा बर्फवाल्याची घंटा वाजली, एकदा व्हायोलिनची तार तुटली. ध्वनिमुद्रक क्वेकने तर गायकाच्या श्वासाबद्दलही तक्रार करून पाहिली.

चौदाव्यांदा मात्र सगळं जमून आलं. लग्न न केलेल्या एका मोकाट माणसाची बढाई होती ती. शेवटच्या कडव्यात तो म्हणतो, ‘मला ना कुणी अडवणारं, ना कुणी बोलावणारं,’ आणि मग चार मात्रा सगळी वाद्यं थांबतात. त्या चार मात्रांत कुंपणापलीकडून आवाज आला, “अहोऽऽऽ! भात निवतोय!”

गायक रंगात आला होता, तो तसाच पुढे गेला. गाणं संपलं. क्वेकने कानावरचे फोन काढून टेबलावर आपटले.

“कोण आहे ती बाई? आज मी तिच्या चुलीत पाणी ओततो!”

“थांब,” बाहरूम म्हणाला. “परत लाव.”

परत लावलं. ‘अहो’ पहिल्या मात्रेवर सुरू होत होतं आणि ‘निवतोय’ चौथीवर संपत होतं. सूरही गाण्याचाच. ट्रम्पेटवाला हसता हसता जमिनीवर बसला. बाहरूम मात्र हसला नाही. त्याने तिसऱ्यांदा ऐकलं आणि हळूच म्हणाला, “सहा महिने या कडव्यात काहीतरी कमी होतं, क्वेक. काय ते मला सापडत नव्हतं.”

दोघे कलसुमच्या दारात गेले, तेव्हा तिला वाटलं तक्रार आली. ती हातातलं उलथणं घेऊनच बाहेर आली.

“माझ्या नवऱ्याला मी माझ्या पायरीवरून हाक मारते. तुमच्या काय पोटात दुखतंय?”

“काही दुखत नाही, ताई,” बाहरूम म्हणाला. “ती हाक आम्हाला सिनेमात हवीय. स्टुडिओत येऊन एकदा नीट मारता का?”

कलसुम ठेवणीतली ओढणी घेऊन गेली. मायक्रोफोनसमोर उभी राहिली. समोर पंचवीस माणसं श्वास रोखून होती. तिने तोंड उघडलं आणि आत आलेल्या मांजरीला हाकलावं तेवढा आवाज निघाला, “अहो...”

“जरा मोठ्याने, ताई.”

“इथे कुठे भात आहे?” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “आणि हेही नाहीत.”

अखेर कुंपणावरून आलेली हाकच ठेवली. चित्रीकरणाच्या वेळी नायक त्या चार मात्रांत दचकून मागे पाहतो, एवढं घातलं.

सिनेमा लागला, त्या दिवशी अख्खी वस्ती थिएटरात होती. कलसुमला वाटत होतं, हाक काढून टाकली असेल. गाणं आलं. वाद्यं थांबली. आणि समोरच्या भिंतीतून, छतातून, खुर्चीखालून तिचा स्वतःचा आवाज उठला. तो तिच्याहून केवढातरी मोठा होता. अंधारात शेकडो नवरे एकदम ताठ बसले. मग त्यांना कळलं, आणि जे हसू फुटलं त्यात पुढचं अर्धं कडवं बुडालं. शेजारची हलिजा तिला गदगदा हलवत होती, “अगं, तू! तू आहेस ती!”

कलसुम हसली नाही. तिने ओढणी तोंडावर धरली. मशिदीच्या घुमटाखाली पहिल्यांदा उभी राहिली होती तेव्हा असंच झालं होतं तिला.

सिनेमा चालला. क्वालालंपूरला चालला, पेनांगला चालला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, ‘या चार मात्रांत अख्खा संसार आहे.’ मिस्नान टपाल वाटायला निघाला की माड्यांच्या खिडक्यांतून आरोळ्या येत, “अहोऽऽऽ! भात निवतोय!” तो मान खाली घालून सायकल हाणायचा.

आणि घरी कलसुम गप्प झाली. बारा वाजले की ती छत्री घेऊन कॉफीच्या दुकानापर्यंत चालत जाई आणि खांबापाशी उभी राही. मिस्नानचं लक्ष जाईपर्यंत भात खरंच निवलेला असे.

“पूर्वीसारखी हाक का मारत नाहीस?” त्याने एकदा विचारलं.

“कशी मारू? ती आता माझी एकटीची कुठे राहिलीय? एवढ्या लोकांनी ऐकलेली वस्तू, पायरीवर उभं राहून उगाच वापरायची?”

मिस्नानने गार भात गिळला.

मग दर गुरुवारी दुपारी तो गायब होऊ लागला. कॉफीच्या दुकानात नाही, पोस्टात नाही. हलिजाने तीन आठवडे पाहिलं आणि शेवटी बोललीच, “कलसुम, वाईट वाटून घेऊ नकोस. पण नवरे काही उगाच गुरुवार पाळत नाहीत.”

पुढच्या गुरुवारी कलसुमने लांबून त्याच्या सायकलचा माग काढला. सायकल थिएटराच्या भिंतीला टेकलेली होती. बरोबर कोण असेल?

“तो पोस्टमन?” दारावरचा माणूस म्हणाला. “एकटाच असतो. तिसऱ्या रांगेत. दर गुरुवारी येतो आणि गाणं झालं की निघून जातो.”

तिने तिकीट काढलं आणि चाचपडत आत शिरली. पडद्यावर तेच गाणं शेवटच्या कडव्याला आलं होतं. वाद्यं थांबली. हाक आली. सगळे हसले. तिसऱ्या रांगेतला एक माणूस मात्र गुमान उठला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर येऊ लागला.

मधल्या वाटेवर ते समोरासमोर आले. मिस्नान चोरी पकडल्यासारखा थांबला.

“तू बोलावलंस की उठायचं,” तो पुटपुटला. “माझे पाय ऐकतच नाहीत.”

कलसुमने त्याच्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्याचे डोळे ओले दिसत होते. मागून कुणीतरी ओरडलं, “खाली बसा!”

“किती वेळा पाहिलात?” तिने विचारलं.

“अकरा.”

“आणि शेवटी त्या माणसाचं लग्न होतं की नाही?”

मिस्नान विचारात पडला. “ते नाही बुवा माहीत.”

तिने त्याची बाही धरली आणि त्याला परत तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.