लुब्वामाचा पंप आणि सासूबाईंची आंघोळ

"या रविवारी तुझ्या आईला शॉवर म्हणजे काय ते कळेल!" लुब्वामानं बायकोला छाती ठोकून सांगितलं.

त्याला कारण होतं. गेल्या खेपेला सासूबाई मसाकाहून कंपालाला आल्या आणि न्हाऊन झाल्यावर दाराआडून लेकीला म्हणाल्या, "नाबोसा, तुझ्या नवऱ्याच्या नळाला पाणी येतं की घाम सुटतो गं?" त्यांच्याकडे रीतच अशी, की जावयानं सासूशी थेट बोलायचं नाही, समोर यायचं नाही आणि अंगाला अंग तर चुकूनही लागू द्यायचं नाही. लागलं की जन्मभर हात थरथरतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल! त्यामुळे लुब्वामानं तो टोमणा मुकाट्यानं गिळला. नऊ वर्षांच्या संसारात या बाईनं त्याला एकदाही बरं म्हटलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं होतं.

त्यानं पंप आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, जोर दोनवरच ठेवा."

"दोनवर? मी काय कोंबडीला आंघोळ घालतोय?" असं म्हणून त्यानं बटण सहावर नेलं.

रविवारी सासूबाई आल्या, सोबत केळ्यांचा घड आणि अंगभर लाल धूळ. लुब्वामा रीतीप्रमाणे पुढच्या खोलीत दडून बसला. सासूबाई न्हाणीघरात गेल्या. शॉवर सोडला. मग धाडकन आवाज आणि किंकाळी!

"नाबोसा! अगं, शॉवरचं तोंड उडालं! साबण डोळ्यांत गेला! बंद कर!"

नाबोसा मागच्या दाराशी धावली. "अहो, कुठलं बटण?"

"हात लावू नकोस, बिघडवशील! मीच येतो!"

आता पंप होता बाहेर अंगणात, न्हाणीघराच्या खिडकीखाली, आणि खिडकीचा पडदा पाण्यानं केव्हाच उडवला होता. खिडकीतून तोफेसारखं पाणी येत होतं. लुब्वामानं शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत डोळ्यांवर टॉवेल करकचून बांधला आणि हात पुढे करून निघाला.

"डावीकडे! अहो, तुमचं डावं! ते केळीचं झाड आहे, सोडा त्याला!"

चाचपडत एकदाचा पंप सापडला. त्यानं बटण जोरात फिरवलं. उलटं! जोर दहावर गेला, न्हाणीघरातली तोटीही उडाली आणि खिडकीतून सासूबाईंची चप्पल बाहेर आली.

पाठोपाठ मागच्या दारातून कुणीतरी नाबोसाला ढकलून सुसाट बाहेर आलं आणि थेट लुब्वामावर आदळलं. दोघंही चिखलात बसले. लुब्वामाच्या हातात एक ओला हात आला. बायकोच, दुसरं कोण!

"अगं, सांभाळून!" तो हात थोपटत म्हणाला. "तुझी आई अजून आतच आहे का? असू दे! जोर हवा होता ना म्हातारीला? घे म्हणावं जोर! नऊ वर्षं नावं ठेवतेय!"

मग समोरून, दाराजवळून, नाबोसाचा बारीक आवाज आला.

"अहो... मी इथे आहे."

लुब्वामाचे हात लटलट कापू लागले. टॉवेल सोडायची हिंमत होईना. आता सगळ्या नातलगांसमोर उभं राहावं लागणार, प्रायश्चित्त करावं लागणार, आणि कौतुक तर या जन्मी विसराच! शेजारणीचं हसू कुंपणापलीकडून ऐकू येत होतं.

सासूबाई उठल्या. अंगाला गुंडाळलेलं वस्त्र नीट केलं, चेहरा पुसला आणि जावयाकडे पाठ फिरवून लेकीला म्हणाल्या, "नाबोसा, तुझ्या नवऱ्याला सांग, मी कुणाला धडकले नाही. अंगणातला खांब लागला मला. काय?"

त्या अंगणात एकही खांब नव्हता.

"सांगते, आई."

"आणि डोळ्यांतला साबण अजून जायचाय. त्या खांबाला म्हणावं, कोपऱ्यावरच्या नळावरून दोन बादल्या घेऊन ये."

खांबानं टॉवेल सोडला, खाली मान घातली आणि बादल्या उचलल्या.