फॅमिलीतली जुनी ट्यूब

ऑफिसात त्याला सगळे चुळबुळ्या म्हणत, आणि ते नाव त्याला अगदी चपखल बसलं होतं. खुर्चीत टेकला की पाय हलायचा, पाय दाबून धरला की पेन वाजायचं. कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायचं त्याचं काम. त्यात कुठे पसारा दिसला की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

सध्या पसारा दिव्यांचा होता. डोळ्यांच्या एका नव्या दवाखान्याचा नकाशा चालू होता. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका जातीच्या वस्तूंच्या गटाला ‘फॅमिली’ म्हणत, आणि दिव्यांच्या फॅमिलीत ऑफिसातल्या प्रत्येकाने आपली भर घातली होती. ‘गोल दिवा’, ‘गोल दिवा नवीन’, ‘गोल दिवा नवीन फायनल’, ‘गोल दिवा हाच घ्या’. चौघांना एका रांगेत उभं केलं तर सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नयेत.

रविवारी दुपारी डॉक्टरीणबाई व्हिडिओवर नकाशा बघणार होत्या. “तोवर कशालाही हात लावू नकोस,” असं सरांनी बजावलं होतं. पण हात न लावता बसणं त्याला कधी जमलंय? जेवणं उरकताच त्याने लॅपटॉप उघडला, सहकाऱ्याला फोन लावला आणि घरात येरझाऱ्या घालत सुरू झाला.

“तासाभराचं काम आहे रे. चहाच्या आत फॅमिली स्वच्छ करतो.”

आत सासूबाई मटार सोलत होत्या. परवाच त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

“नको तेवढी गर्दी झालीय,” बाहेरून आवाज आला. “त्यात ती एक जुनी. काम काही नाही, नुसती जागा अडवून बसलीय. उद्या बंद पडली तरी कुणाला कळायचं नाही. आजच काढून टाकतो.”

तो बोलत होता एका जुन्या ट्यूबबद्दल. ट्यूब हा शब्द मात्र त्याने स्वयंपाकघरापासून लांब, पार खिडकीशी जाऊन उच्चारला होता.

फोन ठेवून तो लॅपटॉपसमोर बसला आणि सगळे जुने दिवे निवडले. आता त्यांच्या जागी एकच साधा गोल दिवा बसवायचा, की झालं. इतक्यात बायको बाहेर आली.

“तू आईला काय बोललास?”

“मी? कुठे काय?”

“मग ती बॅग का भरतेय?”

तो दचकून उठला. उठताना दिव्यांच्या यादीत बोट एक ओळ खाली घसरलं, आणि घाईघाईत त्याने ‘होय’ दाबलं. गोल दिव्याच्या खाली कोण होतं ते त्याने पाहिलंच नाही.

सासूबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. “मी अडगळ होऊन राहणाऱ्यातली नाही, जावईबापू,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सरळ सांगायचंत. फोनवर चारचौघांना कशाला?”

“आई, अहो ती फॅमिली वेगळी!”

“वेगळी?” आता बायकोचा आवाज चढला. “अजून कुठे आहे?”

तो तोंड उघडणार तोच लॅपटॉप वाजू लागला. सर आणि डॉक्टरीणबाई, दोघंही वेळेआधी हजर. सासूबाईही त्याच्या मागोमाग दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्याने घाम पुसला आणि नकाशातून त्यांना फिरवायला सुरुवात केली. दार उघडलं. स्वागतकक्षात झुंबर. जिन्यात झुंबर. ऑपरेशनच्या टेबलावर झुंबर. जिथे अंधार करून डोळे तपासतात त्या खोलीत झुंबर, आणि संडासात, जागा कमी असल्यामुळे, एकाला खेटून दुसरं.

“मी दवाखाना बांधतेय ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “की लग्नाचा हॉल?”

सरांचा आवाज अगदी हळू आला. ते हळू बोलू लागले की ऑफिसात लोक खुर्च्या सावरून बसत. “इलेक्ट्रिशियनने त्या जुन्या नावांवर सगळा माल मागवलाय. तू काढलेस तेवढे सगळे फॅमिलीत परत घे. एकही बाहेर राहता कामा नये. ती जुनीसुद्धा. आत्ता, माझ्यासमोर.”

फाईल अजून बंद केलेली नव्हती, एवढंच नशीब. मान खाली घालून तो ‘अन्डू’ दाबत एकेक पाऊल मागे येऊ लागला. झुंबरं उतरली, चारही गोल दिवे आपापल्या जागी चढले, आणि कोपऱ्यातली जुनी ट्यूब पूर्वीसारखी जागा अडवून बसली. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

मीटिंग संपल्यावर त्याने सासूबाईंना शेजारी बसवलं आणि फॅमिली म्हणजे काय, ट्यूब म्हणजे काय, सगळं पडद्यावर दाखवून समजावलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग उठल्या, बॅग रिकामी केली, साड्या कपाटात लावल्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पाय हलायचासुद्धा थांबला.

तेवढ्यात आतून त्यांचं धाकट्या बहिणीशी फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

“काढणारच होते गं मला. पण त्यांच्या साहेबाने असं फैलावर घेतलं की काय सांगू. म्हणाला, त्या जुनीला आत्ताच्या आत्ता फॅमिलीत परत घे, माझ्यासमोर. देवमाणूस आहे बघ. आता मी काही लवकर हलत नाही.”