कोतवालसाहेबांची हजेरी

आमच्या गल्लीतली सकाळ सूर्यावर अवलंबून नव्हती. आभाळ अजून तांदळाच्या धुवणासारखे फिकट असतानाच समोरच्या ओट्यावर एक उंच, सडसडीत म्हातारा येऊन उभा राही. पांढरे धोतर, पांढरा सदरा, छातीवर तिरका खाकी पट्टा आणि त्यावर चिंचेने घासलेला पितळी बिल्ला. ओठांशी तळहाताचा आडोसा धरून तो वरच्या मजल्यांना हाक मारी :

"नायगाव."

वरून झोपेने जडावलेला आवाज येई, "हाजिर."

"देगलूर."

"हाजिर, कोतवालसाहेब."

"उदगीर. ए उदगीर, पांघरुणातून हाजिर म्हणू नको. खिडकीत ये."

लातुरात शिकवणी वर्गांचे पीक तेव्हा नुकतेच जोमात आले होते. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरावर एक नवा मजला चढला होता आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुली राहत होत्या. डाळ मिलकडून येणाऱ्या भाजक्या तुरीच्या वासात त्यांच्या केसांच्या तेलाचा आणि नव्या पुस्तकांच्या शाईचा वास मिसळलेला असे. कोतवालसाहेबांना त्या मुलींची नावे ठाऊक होती. पण हाक गावाचीच. "नावं लई जणींची सारखी अस्त्यात, बाई," ते मला म्हणत. "गाव कसं, एकच अस्तं."

हाकांचा क्रम ठरलेला होता आणि त्यात शेवटी शिरूर अनंतपाळ येई. तेवढ्यात त्यांची मुलगी सुजाता, सरकारी दवाखान्यातली परिचारिका, ओट्याच्या कडेला चहाची कपबशी ठेवून जाई. शेवटचा हाजिर कानावर पडेपर्यंत साहेब त्या कपाला बोट लावत नसत. कधी उदगीर आंघोळीला गेलेली असे, कधी देगलूर खरोखरच झोपलेली. चहावर साय धरे, तीवर पहाटेचा वारा सुरकुत्या काढी, आणि साहेब वर मान करून तसेच उभे असत.

त्यांचे नाव किसन. औशाच्या पलीकडच्या एका खेड्यात ते आयुष्यभर गावकामगार कोतवाल होते. तलाठ्याचा सांगावा घरोघर पोचवायचा, दवंडी द्यायची, चावडीवर निजायचे. गावाने त्यांना "ए कोतवाल" याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. लातुरात लेकीच्या घरी आल्यावर त्यांनी एकच सुधारणा केली : त्या शब्दाला 'साहेब' जोडून घेतले. भाजीवाली, रिक्षावाले, टँकरचा चालक, सगळ्यांना त्यांनी हे शिकवले. जो विसरे त्याला ते ओ देत नसत.

मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते हे कळल्यावर ते एके दिवशी माझ्या अंगणात आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं शब्दांची पुस्तकं हायेत म्हणं. त्यात कोतवाल बघा बरं. मागं किती दूर जातो ते."

मी कोश काढला. साहेब पाटावर ताठ बसले. मी सांगितले की अभ्यासक त्याचे मूळ संस्कृतातल्या कोट्टपालात शोधतात. कोट्ट म्हणजे किल्ला, त्याचा राखणदार तो कोट्टपाल. हा शब्द फारसीच्या दरबारात गेला आणि तिथला जरीचा पोशाख अंगावर घालून परत आला. हैदराबादेत निजामाच्या अमलात अख्ख्या शहराचा पोलिसप्रमुख म्हणजे कोतवाल.

"अख्ख्या शहराचा," साहेबांनी हलकेच पुन्हा उच्चारले. तोंडात गुळाचा खडा विरघळू द्यावा तसे.

"आणि वगात कोतवाल असतो तो—"

"तो हसायचा अस्तो, ठावं हाय. पन तिथं राजा बी हसायचाच अस्तो. म्होरं वाचा."

पुढे कोतवाल नावाचा पक्षी होता. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्या घरट्याच्या झाडाजवळ कावळ्याला आणि घारीलाही फिरकू न देणारा. म्हणून लहान पाखरे त्याच्याच झाडावर निर्धास्त घरटी बांधतात. हे ऐकताना साहेबांचा चेहरा उजळत गेला. मग एक शंका आली.

"त्याला मानधन मिळतं का, बाई?"

"नाही."

"मंग त्यो आमच्यातलाच."

जाताना दारात थबकून त्यांनी विचारले, "किल्ल्याचा राखणदार म्हणलात. मंग माझा कोट कुठला म्हणायचा? गावाला तर वेशीची एक भिंत बी ऱ्हायली न्हाई." याचे उत्तर कोशात नव्हते. मी तसे सांगितले. "बघून ठेवा सवडीनं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीला पदव्युत्तर व्याख्याने सुरू झाली. नळाला पाणी आले की रांगेत, दूध घेताना, कुणाच्या साखरपुड्याच्या पंगतीत साहेब हैदराबादेपासून सुरुवात करून पाखरापाशी येत. सगळ्यांना ती आवडत. फक्त एका घराला नाही.

पलीकडच्या नव्या बंगल्यात एक उपअभियंता राहायला आले होते. त्यांच्या संगमरवरी पाटीवर हुद्दा हातभर होता आणि 'सेवानिवृत्त' हा शब्द मुंगीएवढा. ज्या गल्लीत आपल्याला नुसते काका म्हणतात, तिथे गावकामगाराला साहेब म्हणावे, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यात पहाटेची हाक. "ही गल्ली आहे की चावडी?" एवढे म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी ठाण्यात लेखी तक्रार दिली.

पठाण जमादार मोटारसायकलवरून आले तेव्हा साहेब ओट्यावर बिल्ला घाशीत बसले होते.

"कोतवाल कोन हाय इथं?"

"मी हाय. बसा जमादार. हैदराबादला कोतवाल म्हंजे कोण व्हता, ठावं हाय का?"

"हाव. आमचे दादा, म्हंजे आजोबा, सांगायचे. कोतवालाची सवारी निघाली की चारमिनारचे कबुतर बी रांगेत बसायचे."

साहेबांनी समोरच्या अंगणात उभ्या असलेल्या माझ्याकडे विजयाने पाहिले. "मंग तुमी माझ्या हाताखालचे झाले."

"झालो की." जमादारांनी खरोखरच सलाम ठोकला. गल्ली हसली. मग ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "पन साहेब, तक्रार आली. सकाळची हाक बंद करावं लागतं."

"तोंडी हुकूम हाय का लेखी?"

"लेखी."

साहेबांनी पट्टा उतरवला, त्याची गुंडाळी केली आणि बिल्ला वर येईल अशी मांडीवर ठेवली. "सरकारचा हुकूम म्या कधी मोडला न्हाई," ते म्हणाले. जमादारांनी खिशातून बडीशेप काढून दिली. ती त्यांनी घेतली आणि मुठीत तशीच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत प्रथमच पहाट ऐकू आली. एका पंपाची घरघर, लांबची पहिली एसटी, आणि वरच्या मजल्यांवर घड्याळांचे किरकोळ, परके गजर. साहेब ओट्यावर नेहमीसारखे उभे होते, पट्ट्याविना, ओठ मिटून. चहा आला आणि तसाच आत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर मी सुजाताला विचारले.

ती कपडे वाळत घालत होती. बराच वेळ तिने एकाच दुपट्ट्याच्या सुरकुत्या काढल्या.

"कोतवालाचं कामच तसं, बाई," ती म्हणाली. "घरासमोर उभं राहून हाक मारायची, आन् आतून ओ आल्याबिगर म्होरलं घर घ्यायचं न्हाई. ओ आली म्हंजे सांगावा पोचला. भूकंप झाला त्या पहाटं बाबा चावडीवर होते, म्हणून वाचले. उठले आन् रोजच्या रिवाजानं निघाले, येशीपासून. घरं न्हवती, दगडामातीचे ढीग होते. त्या ढिगाला घराच्या नावानं हाक मारायचे. जिथून ओ आली तिथं मानसं उकरायला लागली. लई जण निघाले तसे."

"आणि तुमचं घर?"

"गावकुसाबाहेर. रोज सगळ्यात शेवटी यायचं, त्या दिवशी बी शेवटी आलं." तिने चिमटा लावला. "मी ओ दिली. आईची आली न्हाई. बाबा उन्हं वर येईस्तोवर हाका मारीत होते. तवापासून सगळ्यांची ओ आल्याबिगर त्यांच्या घशाखाली काई उतरत न्हाई."

मी हे कुणालाही सांगितले नाही. सुजाताने सांगितले असेल तर मला ठाऊक नाही. पण पुढच्या पहाटे, साहेब मिटल्या ओठांनी उभे असताना आणि चहाची वाफ त्यांच्या गुडघ्याशी विरत असताना, तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"नायगाव हाजिर."

साहेबांनी दचकून वर पाहिले. शेजारची खिडकी उघडली. "देगलूर हाजिर."

"उदगीर हाजिर, कोतवालसाहेब. खिडकीतच हाय."

मग ज्या घरांकडे साहेबांनी कधी हाक मारली नव्हती तिथूनही आवाज येऊ लागले. अहमदपूर, कंधार, मुखेड, निलंगा. एकेका खिडकीत दिवा लागत होता, एकेक ओल्या, रेशमी, घोगऱ्या आवाजाचे गाव उजेडात येत होते. गल्लीच्या दोन्ही बाजू वरपर्यंत पेटल्या. मी आयुष्यभर छंद शिकवले. पण शब्दांची अशी चढती ओळ मी पूर्वी ऐकली नव्हती.

उपअभियंता गॅलरीत आले. खांद्यावर शाल, हातात चष्मा. "हे काय चाललंय? लेखी बंदी आहे."

नायगाव कठड्यावर वाकली. "काका, बंदी हाकेला हाय. ओ द्यायला कुठं हाय?"

गल्ली खदखदून हसली. खाली दूधवाला सायकल धरून हसत होता. उपअभियंत्यांनी चष्मा लावला, काढला. पण ते आत गेले नाहीत.

हळूहळू आवाज थांबले. साहेबांचा हात कपाकडे गेला आणि मध्येच थबकला. ते पुन्हा वर बघू लागले. एक खिडकी अंधारी होती. त्यांचे ओठ किंचित उघडले, हुकूम आठवला, मिटले. कुणाच्याच लक्षात येईना काय अडले ते. चहावर साय धरू लागली.

तेव्हा पलीकडच्या गॅलरीतून, सवय नसलेला, घसा खाकरलेला आवाज आला.

"अहो, ती शिरूर अनंतपाळ कुठाय? रोज शेवटी असते ती."

सगळ्यांनी तिकडे पाहिले. उपअभियंत्यांनी शाल सारखी केली आणि, आता माघार कशी घ्यायची हे न सुचल्यासारखे, ओठांशी तळहाताचा आडोसा धरून पुन्हा हाक मारली.

"शिरूर अनंतपाळ."

न्हाणीघराच्या लहानशा झरोक्यातून बादलीचा खणखणाट झाला आणि साबणाने गुदमरलेला आवाज आला, "हाजिर. हाजिर, कोतवालसाहेब."

साहेबांनी पलीकडच्या गॅलरीकडे बघून मान किंचित लववली, एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला लववावी तशी. मग ओट्यावर बसले, साय बोटाने बाजूला सारली, आणि चहा बशीत ओतला.