साठ पायऱ्यांचा रक्तदाब

दवाखान्यात रक्तदाब मोजण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी होती. पाटी दोनदा रंगवून झाली. लिफ्टला कोणी हात लावला नाही. मोजण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं बसवायचा नियम होता, पण बाक नव्हता. साठ पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्याच्या दंडाला सिस्टर तसाच पट्टा बांधत आणि आकडा पाहून डॉक्टर गोळी लिहीत.

निवृत्त पोस्टमनकाकांना अशा तीन गोळ्या लागल्या होत्या. त्या घेतल्या की घरात ते भिंत धरून चालत. “जन्मभर लोकांचे जिने चढलो सिस्टर, आता बाथरूमचं दार गाठताना घेरी येते.”

काकांची एखादी तरी गोळी सुटावी म्हणून सिस्टरनी खोली तळमजल्यावर आणण्याचा अर्ज केला. तळमजल्यावर अधीक्षकसाहेबांची केबिन होती, कारण साहेबांचे गुडघे दुखत. अर्ज परत आला : शास्त्रीय आधार जोडावा.

दहावीला पस्तीस मार्कांवर गणिताला रामराम ठोकलेल्या सिस्टर आरोग्य संशोधनाच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. लिनिअर रिग्रेशन म्हणजे ठिपक्यांच्या गर्दीतून काढलेली सरळ रेषा, हे त्यांना पटकन उमगलं. अॅनोव्हाने घाम फोडला. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी सोपं केलं : गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकापुढे उठून दिसतो का, एवढंच बघायचं.

सिस्टरनी चिठ्ठ्या टाकून एकशेवीस रुग्णांचे तीन गट पाडले आणि तळ, पहिला, तिसरा अशा मजल्यांवर मोजणी केली. फरक चांगलाच उठून दिसला. रेषा सांगत होती, दर तीन पायऱ्यांमागे रक्तदाब एका अंकाने चढतो. काकांना सिस्टरनी वेगळं दोन्हीकडे मोजलं : खाली एकशेचाळीस भरले, वर एकशेसाठ.

दवाखान्याच्या समितीने अहवालाची गंभीर दखल घेतली. एकाच दवाखान्यात तीन मजल्यांवर तीन निकाल ही असमानता असून ती खपवून घेतली जाणार नाही, असं ठरलं. परिपत्रक निघालं : यापुढे सर्वांची मोजणी तिसऱ्या मजल्यावरच होईल. सिस्टरनी त्यानंतर अभ्यास पुन्हा करावा.

सिस्टरनी तो केला. सगळे ठिपके साठ पायऱ्यांच्या आकड्यावर खांबासारखे उभे राहिले. साहेबांनी विचारलं, “रेषा कुठाय?”

“निघत नाही सर. सगळ्यांच्या पायऱ्या सारख्याच. मग पायऱ्यांचा परिणाम दिसणार कसा?”

“म्हणजे परिणाम दिसत नाही. तेवढं लिहा.”

सिस्टरनी तोंड उघडलं, पण साहेबांची सही तोवर झालीही होती. वरिष्ठांनी अभ्यासाची प्रशंसा केली. त्या निमित्ताने साहेबांचा रक्तदाब केबिनमध्येच मोजण्यात आला; तो उत्तम निघाला. काकांना चौथी गोळी सुरू झाली.

हे सगळं वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर चांगलंच आहे. हसण्याने रक्तदाब उतरतो म्हणतात. फक्त आज सकाळी तुम्ही जी गोळी घेतलीत, ती कितव्या मजल्यावरची, तेवढं एकदा विचारून घ्या.