बाबांचा लॉनमोअर, ब्रिटाची झोप

जी बाई अंधारात, एका हाताने, बाळाला न उठवता त्याचा लंगोट बदलते, तिला गवत कापायच्या लॉनमोअरचं ऑइल बदलणं काय अवघड? शनिवारी सकाळी मी नवऱ्याला हेच ऐकवलं.

"अगं, मी उद्या करतो ना," कर्ट कामावर निघता निघता म्हणाला.

"बाबांनी तुला सांगितलंय का? मला सांगितलंय!"

आणि हे खरं होतं. बाबा म्हणजे माझे सासरे, डेलमार. आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे माजी प्रमुख. हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि धक्का बसेल असं काहीही होऊ द्यायचं नाही. मिनेसोटात माणूस केस पिकल्यावर म्हातारा होत नाही, हातातला लॉनमोअर गेला की होतो. बाबांनी आपला लाल लॉनमोअर पुसून, चकचकीत करून माझ्या हवाली केला. पोटच्या पोराला सोडून मला! "जप याला, रोझाना," म्हणाले. या घरात एवढ्याला भाषण म्हणतात.

मग त्यांनी सगळी देखभाल समजावली. जुनं ऑइल काढायचं, नवं घालायचं, पात्याला धार लावायची, इंजिनचा स्पार्क प्लग पुसायचा. आमची तान्ही ब्रिटा माझ्या खांद्यावर होती आणि मी माना डोलवत होते. मध्येच पोरीने माझ्या गळ्यात दूध ओकलं. मी पुसून वर बघेपर्यंत बाबांचं एक वाक्य होऊन गेलं होतं. मी त्यालाही मान डोलावली.

दुपारच्या कॉफीला बाबा पहिली कापणी बघायला येणार होते. जेवण झालं, ब्रिटा झोपली. तिच्या पाळण्याजवळच्या, आवाज टिपणाऱ्या यंत्राचा जोडीदार मी कमरेला अडकवला (पोरीने नुसता सुस्कारा टाकला तरी तो माझ्या कमरेत वाजतो) आणि पदर खोचल्यासारखी बाह्या सरसावून कामाला लागले.

आधी प्लगची वायर काढली. हे लक्षात होतं! मग लॉनमोअर आडवा करायचा. कुठल्या बाजूवर? ढेकर काढून ब्रिटाला निजवावं तसा हळूच डाव्या कुशीवर निजवला.

कुंपणापलीकडे शेजारचे आर्डनकाका कॉफीचा मग घेऊन उभे होते.

"काम चाललंय वाटतं."

"हो काका! बरोबर करतेय ना?"

काकांनी एक घोट घेतला. लांबवर कुठेतरी बघितलं. आणखी एक घोट घेतला.

"हंऽ... असंही करता येतं."

झालं! शाबासकी मिळाली! मी मूळची ब्रुकलिनची. तिथे तुमचं चुकलं तर तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीतून तुमच्या आईच्या नावाने ओरडते. इथे कुणी ओरडलं नाही, म्हणजे सगळं झकास.

पातं काढलं, कानशीने घासून घासून त्याला सुरीसारखी धार आणली, परत बसवलं. तोवर काळं ऑइल तोंडातून बाहेर गळत होतं. थोडं आत दुसरीकडेच चाललं होतं, पण त्याला वाट माहीत असणार असं मी धरून चालले. मग लॉनमोअर उभा करून नवं ऑइल ओतलं. बिचारा हिवाळाभर उपाशी! आमच्या माहेरी पाहुण्याला किती वाढू असं विचारत नाहीत. मीही हात आखडला नाही.

"भरपूर घातलंस," काका म्हणाले.

"थँक्यू, काका!"

वायर जोडली, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. लॉनमोअर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा खोकला. दातओठ खाऊन ओढली, आणि तो सुरू झाला!

आणि धूर! असा पांढरा, दाट, गुबगुबीत धूर की आधी गवत गेलं, मग कुंपण गेलं, मग घर गेलं, शेवटी आर्डनकाका गेले. धुरातून फक्त आवाज आला, "जरासा धूर झालाय, नाही?"

ब्रिटाची खिडकी उघडी होती! मी इंजिन बंद केलं आणि तीन पायऱ्या एका उडीत चढत वर गेले. खिडकी लावली. ब्रिटा मूठ डोक्याशी धरून गाढ झोपलेली. तिच्या इवल्या पोटावर हात ठेवला. ते वर झालं, खाली झालं. माझाही श्वास सुरू झाला.

तेवढ्यात सायरन ऐकू आला.

आर्डनकाकांच्या लव्हॉनकाकूंनी फोन केला होता. धूर सांगितला, पत्ता सांगितला आणि वर "घरात बाळ आहे" हेही सांगितलं. बाबा! निवृत्त झाले तरी दलाचा रेडिओ त्यांच्या खुर्चीशेजारी दिवसभर चालू असतो. आत्ता त्या रेडिओने त्यांना आमचा पत्ता सांगितला असणार. धूर आणि बाळही सांगितलं असणार. डॉक्टरांचा तो एक शब्द माझ्या कानात घणासारखा वाजायला लागला. धक्का! बाबांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय. कुणी उचलेना.

खाली आले तर लव्हॉनकाकू ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या गरम कॅसरोलचं भांडं घेऊन दारात. आमच्याकडे संकटात बंबाआधी कॅसरोल पोचतो. मागून बंब आला, त्यातून चार जण उतरले, आणि त्यांच्या मागून बाबांची गाडी थेट गवतावर चढली. पायात घरातल्या सपाता, गळ्यात जेवणाचा रुमाल आणि हात छातीवर.

"ब्रिटा?"

"झोपलीय! बाबा, झोपलीय ती. आग नाहीये. मी... लॉनमोअर..."

बाबा पायरीवर बसले. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "दुखतंय का छातीत? बोला ना!"

"टाके ओढतायत. जरा गप्प बस, पोरी."

मी मनगट काही सोडलं नाही. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग आला. मग त्यांची नजर लॉनमोअरकडे गेली. हवेच्या फिल्टरमधून ऑइल ठिबकत होतं.

"कुठल्या कुशीवर निजवलास?"

मी बोट दाखवलं.

"वेगळंच केलंस," बाबा म्हणाले.

चारही जवानांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. काकूंनी माझ्या खांद्यावर अंत्यविधीला ठेवतात तसा हात ठेवला. इथे याहून जहाल शब्द नाही, हे मला तेव्हा कळलं.

"फिल्टरची बाजू वर. कायम वर. सांगितलं होतं."

"ब्रिटाने दूध ओकलं तेव्हा?"

"तू मान डोलावलीस."

मी कुंपणाकडे वळले. "काका! तुम्ही बघत होतात! एका शब्दाने बोलला नाहीत!"

आर्डनकाका दुखावले. "बोललो की! दोनदा बोललो!"

"बोलले असणार," जवान एकसुरात म्हणाले.

मग बाबा घडीच्या खुर्चीवर, मांडीवर कॅसरोलची ताटली घेऊन बसले. एक जवान पाना घेऊन पुढे आला, तर त्याला म्हणाले, "तिला करू दे."

तेवढ्याने माझे डोळे भरले. पण केलं. प्लग काढून दोरी ओढली, आत शिरलेलं ऑइल बाहेर फेकलं, जादाचं उपसलं, नवा फिल्टर घातला, प्लग पुसून बसवला. दोरी ओढली. धुराची एक झुळूक आली आणि लॉनमोअर मांजरासारखा गुरगुरायला लागला!

"वाईट नाही," बाबा म्हणाले. म्हणजे एकवीस तोफांची सलामी!

मी मान ताठ करून लॉनमोअर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. वळून बघितलं. गवत अदबीने आडवं झालं होतं. बघता बघता एकेक पातं उठून उभं राहिलं. एकही कापलं गेलं नव्हतं!

मी इंजिन बंद करून कुंपणाकडे बघितलं. "काका, आता स्पष्ट बोला!"

काका कानापर्यंत लाल झाले. कपाळावर घाम आला. "कदाचित... म्हणजे मला काय कळतंय... पण पातं जरा... उलटं बसलं असेल."

एवढं बोलून त्यांनी कुंपणाचा आधार घेतला. आणि बाबा हसायला लागले. दोन्ही हातांनी टाके धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसलेलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंच होतं.

"बदलते की! त्यात काय!" मी म्हटलं. झटकन वायर काढली आणि लॉनमोअर हळूच कुशीवर निजवायला लागले.

"दुसऱ्या कुशीवर!!!" बाबा, आर्डनकाका, लव्हॉनकाकू आणि चार जवान एकदम असे ओरडले की ब्रुकलिनची तिसऱ्या मजल्यावरची बाई लाजली असती.

आणि माझ्या कमरेच्या यंत्रात, सायरनने न उठलेली ब्रिटा भोकाड पसरून रडायला लागली.