नानांचं अमोक आणि माझी फोडणी

नानांच्या अमोकवर मी हिंग-मोहरीची फोडणी ओतली.

अमोक हा कंबोडियातला पदार्थ. कुटलेला ओला मसाला आणि नारळाचं दूध लावलेला मासा, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला. त्याला फोडणी देत नाहीत. पण चुर्र आवाज झाल्याशिवाय स्वयंपाक संपला असं मला वाटतच नाही.

नाना सावंत हे कॅनडातल्या मार्कहॅममधले माझे शेजारी. मूळचे मालवणचे, हयात पुलांचे जोड तपासण्यात गेलेली. दर रविवारी बेसमेंटमध्ये गवती चहा, ओली हळद, लसूण, लिंबाची साल दगडी खलात कुटतात. मिक्सर म्हटलं की उसळतात, "मिक्सर कापतो रे, कुटत नाही! डिफरन्स समज!" मग वाटण बोटांत चोळून बघतात, "रेशा लागतोय. रिजेक्ट!" आणि पुन्हा धडाधड.

समोरच्या कंबोडियन सोखाबाईंनी हे अमोक नानांच्या बायकोला, सुमनवहिनींना शिकवलं होतं. वहिनी गेल्या आणि नानांनी खल हातात घेतला. तीन वर्षं सोखाबाई एक घास खातात आणि म्हणतात, "ऑलमोस्ट."

आता सोखाबाई लेकीकडे ओटावाला कायमच्या निघाल्या होत्या. हा शेवटचा रविवार.

"आज पास व्हायचंच," म्हणत नाना शर्ट बदलायला गेले. "जरा लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं. द्रोण मला फिकट वाटले. पुढचं वर सांगितलंच आहे.

नाना आले आणि मोहरीकडे बघतच राहिले. तेवढ्यात बेल वाजली.

सोखाबाईंनी चमच्यानं वरचा थर खरवडला, खालचा घास घेतला, डोळे मिटले.

"येस. दिस इज सुमन'ज."

आपण तपासलेल्या पुलावरून पहिली गाडी जाताना बघावी, तसे नाना ताठ उभे राहिले. मग सोखाबाई मोहरीकडे बोट दाखवून हसायलाच लागल्या. पहिल्या दिवशी सुमननंही अगदी हेच केलं होतं म्हणे!

"मला कधी बोलली नाही," नाना हळूच म्हणाले. खरवडलेला थर त्यांनी स्वतःच्या ताटात ओढला आणि मोहरीचा दाणा न् दाणा खाल्ला. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

मला धीर आला. "म्हणजे नाना, माझा हात वहिनींच्या वळणावर जातोय तर!"

"तिनं फोडणी एकदाच दिली," नाना म्हणाले. "तू अजून पळी धरून उभा आहेस. खाली ठेव ती."